नमुन्याचा ताजिया

चांद्यात मला हाताला धरून उभं केलं ते ताजियावाल्या चाचांनी. हे आधी लिहून ठेवते. पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटून लेखणी थांबली, तरी एवढं तरी कागदावर राहील.

कात्री लावण्याआधी चाचा कागद कानापाशी नेत आणि त्याला हलकी टिचकी मारत. कोरडा कागद खणकन वाजे. दमट असला तर नुसता भद्द वाजे. मग तो परत गठ्ठ्यावर ठेवून चाचा म्हणत, "कागद नाई म्हणते, बाई. उद्या इचारू." पावसाळ्यात चांद्याचा कागद आठवड्यातले पाच दिवस नाहीच म्हणे. आम्ही बाया हसायचो आणि पुन्हा बांबूच्या कामट्या तासायला घ्यायचो.

तुमच्यापैकी कोणी त्या वेळचा चांद्याचा अजबखाना पाहिला असेल, तर मागचा व्हरांडाही आठवेल. पुढच्या दोन खोल्यांत शेतात सापडलेल्या मूर्ती, माडियांच्या लाकडी फण्या, गंजलेल्या तलवारी. मागच्या व्हरांड्यात शनिवारी दुपारी बायांचा हस्तकलेचा वर्ग. संग्रहालयाच्या समितीचे चिटणीस एक वकील होते, सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. वर्ग ही त्यांचीच कल्पना. नुसत्या जुन्या वस्तू ठेवून काय करायचं, हातातली कला हातात राहिली पाहिजे, असं ते म्हणत. माणूस मनापासून बोलायचा.

चाचा आधी कंदील आणि डबे बनवणारे टिनवाले होते. डोळे कमी झाले, डाग देताना हात भाजायला लागला, तेव्हा दुकान सुटलं. पण दर मोहरमला त्यांच्या मोहल्ल्याचा ताजिया त्यांच्याच हातचा. बांबूचा सांगाडा, वर रंगीत पतंगी कागद, खिडक्यांना अभ्रकाचे पातळ पापुद्रे. मैद्याच्या लेईत ते मोरचूद टाकत, किडा लागू नये म्हणून. पहिल्या दिवशी ती निळी लेई पाहून मी बोट मागे घेतलं होतं. चाचा म्हणाले, "भिऊ नका. खायची नाई हाय. खाल्ली तं मात्र भ्या."

मी भित्रीच. वेंगुर्ल्याकडची. वडील होडीवर, चौथीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर इतक्या लांब आले की माहेरचं पत्र यायला पंधरा दिवस लागायचे. आमचे हे लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून. आलापल्लीच्या जंगलात जाऊन तोडलेल्या सागावर हातोड्याचे शिक्के मारून घ्यायचे, हे त्यांचं काम. गेले की महिना महिना तिकडेच. खोलीत मी एकटी. इथल्या बाया बोलत ते निम्मं कळायचं नाही आणि मी बोलले की त्या तोंडाला पदर लावायच्या.

शेजारच्या सगुणाबाईंनी मला वर्गाला ओढून नेलं. त्यांचा नवरा रामाळा तलावात मासे धरायचा. मी दारातच थांबले तर सगुणाबाई आत जाऊन सांगून मोकळ्या, "चाचा, हे कोकणातली बाई आणली. हे रडते लय. हिले काही काम द्या." चाचांनी वर न बघता माझ्याकडे कामट्यांचा जुडगा सरकवला. नाव विचारलं नाही. त्या दिवसापासून मी कोकणवाली बाई.

वकीलसाहेबांना प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी लिहून लावायचा नाद. एकदा वही घेऊन बसले आणि चाचांना म्हणाले, ताजियाच्या प्रत्येक भागाचं नाव सांगा. चाचांनी बराच विचार केला. मग बोट ठेवत सांगितलं, "हे खालचं. हे वरचं. आन हे राह्यलं." वकीलसाहेबांनी वही मिटली.

आषाढात यांची पत्रं थांबली. एका ट्रकवाल्याने येऊन सांगितलं की कारकूनबाबू आलापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या छावणीत हिवतापाने पडलेत. नाले भरलेत, रस्ता बंद आहे. एवढंच सांगून तो गेला. ठेकेदाराच्या दिवाणजींकडे गेले तर ते म्हणाले, पाणी उतरल्याशिवाय आम्ही तरी काय करणार. त्यांचंही खरं होतं. कोणाकडे गेलं तरी त्याचं खरंच असायचं.

चाचांनी मला काही समजावलं नाही. ते रोज सकाळी जटपुरा दरवाजापाशी जाऊन उभे राहायला लागले. लाकडाचे ट्रक तिथे थांबत आणि बरेच ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचे. जो येईल त्याला विचारायचे, कुठून आला, किती पुढे जाऊन आला, कोकणातला कारकून कोणी पाहिला का. तिथून काठी टेकत आमच्या गल्लीच्या तोंडाशी येत आणि सगुणाबाईंच्या दाराशी उभे राहून मला ऐकू जाईल असं सांगत. बहुतेक दिवस एकच निरोप असायचा. "आज तिकडून कोणी नाई आलं. म्हंजे खराब खबर बी नाई आली." त्यांना त्या वाटेने चालताना दोनदा ठेच लागलेली मी पाहिली आहे.

त्याच दिवसांत वकीलसाहेबांनी पंधरा ऑगस्टचं प्रदर्शन ठरवलं. कलेक्टरसाहेब येणार होते. चाचांनी एक ताजिया करायचा, तो संग्रहालयात कायमचा राहणार. सुताराकडून त्याच्या मापाचं काचेचं कपाटही करून घेतलं. आणि ठरलं असं की, कलेक्टरांनी काम पाहिलं की हस्तकला शिक्षकाची जागा मंजूर करायची, त्या जागेवर चाचांना कायम घ्यायचं. चाचा एकटे. बायको गेलेली, मुलगी लांब सिरोंच्याला दिलेली. डोळे वर्षभरात आणखी उतरले होते. ही जागा मिळाली तर त्यांचं म्हातारपण मार्गी लागणार होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

चाचा आधी कचरले. ताजिया ठेवायचा नसतो, मोहरमला उठतो आणि मग पाण्यात सोडून ठंडा करतात. मग त्यांनीच वाट काढली. आत काही ठेवायचं नाही, फातिहा पढायचा नाही. म्हणजे तो ताजिया नाही, नमुना. वकीलसाहेब म्हणाले, उत्तम, चिठ्ठीवरही तसंच लिहू.

तीन आठवडे आम्ही सगळ्या त्या कामाला होतो. अभ्रक कापताना चाचा श्वास रोखून धरत, आम्हीही रोखायचो. पूर्ण झाला तेव्हा माझ्याहून हातभर उंच होता. हिरवा, गुलाबी, आणि खिडक्यांतून उजेड असा येई की आत कोणीतरी राहत असावं.

कामट्या तासता तासता सगुणाबाई एकदा सहज बोलून गेल्या होत्या की त्यांना मुलगा झाला तो ताजियाला धागा बांधून. आमच्याकडे सारेच बांधतात, म्हणाल्या. नमुना आणि ताजिया यांतला फरक चाचांनी सांगितला तेव्हा मीही तिथेच होते. पण कानाने ऐकलेलं सगळं डोक्यात शिरतंच असं नाही. चौदा तारखेच्या सकाळी लवकर मी झाडायला म्हणून गेले. व्हरांड्यात कोणी नव्हतं. पदराचा काठ फाडला, एका खिडकीच्या कामटीला बांधला. काय मागितलं ते सांगायला नको.

दहाच्या सुमारास सगळे जमले. वकीलसाहेब कपाटात ताजिया ठेवायला चार माणसं घेऊन आले आणि ती चिंधी चाचांच्याच हाताला लागली. त्यांना ती दिसली नव्हती. बोटांनी चाचपली, गाठीवरून अंगठा फिरवला आणि हात काढून घेतला.

"साहेब, हे आता ठेवता येनार नाई."

वकीलसाहेबांना आधी कळलंच नाही. मग हसले. म्हणाले, चिंधी आहे, कापून टाका. कात्री माझ्याच हातात होती. त्यांनी हात पुढे केला आणि मी कात्री देऊनही टाकली. चाचांनी मधे आपला हात आडवा धरला.

"मन्नत हाय, साहेब. कोन्या बाईची हाय. असं कापता नाई येत. याले ठंडा करा लागते."

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होता ना, हा नुसता नमुना आहे?"

"काल होता."

वकीलसाहेबांनी मग आम्हा बायांकडे पाहिलं. कोणी बांधलं, विचारलं. दमात घेऊन नाही, अगदी साधेपणाने. जिने बांधलं तिने स्वतः सोडावं, प्रश्न मिटला, असंही म्हणाले. त्यांचंही खरंच होतं. धागा सोडायचा म्हणजे मागितलेलं परत करायचं, असं मला वाटलं. आणि बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर मी या म्हाताऱ्याची जागा घालवली असं कबूल करायचं. मी खाली बघत राहिले. सगुणाबाईंच्या नवऱ्याला कपाट धरायला बोलावलं होतं. तो वाकून गाठ बघत म्हणाला, "हे तं जाळ्याची गाठ हाय. पन आमच्या इकडची नाई." ती माझ्या वडिलांची गाठ. दुसरी मला येत नाही.

चाचांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "डोंगा हाय ना तुझा तलावावर? चाल, उचल."

वकीलसाहेब त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. उद्या कलेक्टर येतायत, जागेचं काय होईल, विचार करा, असं पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. चाचा म्हणाले, "तुमची गलती नाई, साहेब. माझी बी नाई. असं होऊन राह्यलं, काय करता."

भर दुपारी रामाळ्यावर ताजिया डोंग्यातून आत नेला. काठावर आम्ही सहा-सात बाया. चाचा डोंग्यात बसले होते, ओठ हलत होते. हळूच तिरका करून सोडला. कागदाचा रंग आधी सुटला, पाण्यावर गुलाबी हिरवं पसरलं. सांगाडा बराच वेळ बुडेना. अभ्रकाचे तुकडे तरंगत राहिले, माशाच्या खवल्यांसारखे.

चाचा परत आले ते गुडघ्यापर्यंत ओले. माझ्या जवळून जाताना थांबले आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "गाठ चांगली मारता, बाई. कामट्या बांधताना काऊन नाई मारली अशी? तवा तं साऱ्या सुटून राह्यल्या होत्या."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

प्रदर्शन झालं. कलेक्टरसाहेब आमची कागदी फुलं बघत बघत त्या रिकाम्या कपाटापाशी आले, काचेतून आत बराच वेळ पाहिलं आणि "छान" म्हणाले. बाया हसल्या. चाचा तिथे नव्हते. जागा लाकडी नंदी करणाऱ्या एका कारागिराला मिळाली. त्याचे नंदी कपाटात ठेवता येत होते.

पुढच्या शनिवारी चाचा वर्गाला आले नाहीत, पण जटपुरा दरवाजाला जात राहिले. भाद्रपदात नाले उतरले, रस्ता सुटला. त्याच आठवड्यात ते एका ट्रकने मुलीकडे सिरोंच्याला निघून गेले. जाताना सगुणाबाईंकडे निरोप ठेवला, की आता ट्रक चालू झालेत, कोकणवालीने स्वतः जाऊन विचारत जावं, ड्रायव्हर चांगले आहेत, घाबरू नये.

हे त्यानंतर दुसऱ्याच दिवशी आले. दोन माणसांनी ट्रकमधून उतरवलं, कातडी पिवळी, कान ऐकायचे बंद झालेले. पण आले. मन्नतीने आले की छावणीतल्या कोयनेलच्या गोळ्यांनी, मला सांगता येणार नाही. आलापल्लीच्या त्याच रस्त्यावर कुठेतरी दोघांचे ट्रक एकमेकांना ओलांडून गेले असतील.

हे थोडे सावरल्यावर मी वकीलसाहेबांकडे गेले आणि सांगितलं की धागा माझा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाई, त्या दिवशी सांगितलं असतंत तरी त्यांनी सोडू दिला असता का? मला नाही वाटत." जागा तर आता भरली होती. त्यांनी सिरोंच्याला पत्र घातलं. उत्तर आलं नाही. एका ड्रायव्हरने नंतर सांगितलं की चाचांना आता अंधुकच दिसतं, जावयाच्या ओट्यावर बसतात, मुलांचे पतंग चिकटवून देतात.

आता आम्ही बल्लारशाला असतो. यांना अजून कमी ऐकू येतं आणि लांबचा प्रवास झेपत नाही. पण डॉक्टर म्हणतात, हळूहळू जमेल. सिरोंच्याला ट्रकने दोन दिवस. मी यांना सगळं सांगितलं आहे, कानाशी जाऊन, एकेक शब्द. त्या माणसाने यांना कधी पाहिलं नाही. नुसतं रोज विचारलं. या उन्हाळ्यात नाही तर पुढच्या उन्हाळ्यात मी यांना घेऊन त्या ओट्यापाशी जाईन. डोळ्यांनी दिसणार नाही, तर चाचांचा हात धरून यांच्या चेहऱ्यावर ठेवीन आणि म्हणेन, चाचा, तिकडून आला हो एक माणूस.