वाळवंटातल्या किल्ल्यावरलं टाकं
मुळशीतला एकबी गड मी चढायचा सोडला न्हाई. तरीबी गावच्या सहलीत, राजस्थानच्या वाळवंटातल्या एका पडक्या किल्ल्यावर, मी बायकोला तहानेनं मारायलाच निघालो व्हतो. गाईड म्हणला, पानी घ्या. मी बाटल्या गाडीतच ठेवल्या, कारन आमच्याकडं समद्या गडांवर कातळात खोदलेलं पान्याचं टाकं असतंय, मग उगं वझं कशाला! वर टाकं घावलं, पर त्यात नुसती वाळू. बायको भिताडाला टेकून खाली बसली आन डोळं फिरवाय लागली. मी रडत, येड्यासारखा नखांनी ती वाळू उकरत बसलो. शेवटी गाईडनंच आपली तापलेली बाटली तिच्या तोंडाला लावली. अजूनबी तापल्या प्लास्टिकचा वास आला की शुद्धीवर येताच ती काय म्हणली ते ऐकू येतंय: "अवो, रडताय काय? मेली न्हाई मी अजून. उठा, आन त्या गाईडच्या मागनं गप चाला."