पानाची मागची बाजू

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ते कानामागे बघणारे चाचा कसे आहेत?" आमच्या समोरच्या फ्लॅटमधले चाचा दिवाळीनंतर उलव्याला मुलाकडे राहायला गेले. बरे आहेत. पण तुमच्या लक्षात त्यांचं एवढंच राहिलेलं पाहून मला वाटलं, बाकीचं आता लिहून ठेवावं. तर आधी एक सांगते: माणसाच्या आधी त्याच्या झाडाची ख्यालीखुशाली विचारणारा असा दुसरा गृहस्थ सबंध कोपरखैरण्यात झाला नाही.

चाचा मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. नोकरी सगळी तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात झाली आणि झाडांचं ज्ञान त्यांनी स्वतःच मिळवलं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी भिंग. कुणाकडेही गेले की दार उघडणाऱ्याला "सलाम, कसं काय" म्हणायचे आणि उत्तर येईपर्यंत गॅलरीत पोचलेले असायचे. प्रत्येक पान ते उलटं करून बघत. "समोरून सगळेच हसतात, भाभी. दुखणं मागच्या बाजूला असतं," असं म्हणत. तुम्ही लहान असताना तुमचे कान वळवून मागे बघितलं ते त्याच सवयीनं. तळमजल्यावरचे आजोबा वारले, त्यांच्या दिवसांत भेटायला गेले तेव्हा तिथल्या तुळशीपाशी थबकले आणि घरच्यांना हळूच म्हणाले, "फार वाईट झालं. आणि हिला मावा पडलाय." घरच्यांना राग येईल म्हणून मी खाली मान घातली, तर आजोबांची सून डोळे पुसत विचारते, "मग काय मारू, चाचा?" माझ्या मिरचीची पानं एकदा चुरगळून वाटीसारखी झाली, तेव्हा त्यांनी डॉक्टरांसारखी उलटतपासणी घेतली. पाणी किती वाजता, कोण घालतं, खत कुठलं. मी वेळापत्रकच दाखवलं. ते वाचून म्हणाले, "झाडाला शाळेत घातलंय तुम्ही. आठ दिवस सुट्टी द्या." सुट्टी दिली आणि मिरची सुधारली.

पण त्यांचे माझ्यावरचे उपकार मिरचीचे नाहीत.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत एक झाड आपोआप वाढलं होतं, कमरेएवढं. एका रहिवाशानं त्याचा फोटो मोबाईलवर तपासून ग्रुपवर टाकला: "हा गांजा आहे." तासाभरात सेक्रेटरींनी निकाल दिला की हे काम माळीमामांचंच. मामा घणसोली गावातले. सोसायटी बांधली तेव्हापासून आमची बाग त्यांच्या हातची. झाडाची खालची पानं चित्रातल्यासारखी पसरलेली होती, पण शेंड्याची पानं अरुंद, पिळवटलेली, मूठ आवळल्यासारखी. सेक्रेटरी म्हणाले, "बघा, मुद्दाम काहीतरी घालून पानं अशी वळवतात. नशा जास्त चढते म्हणे." कुणी सांगितलं त्यांना, देव जाणे, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. रविवारी सकाळी मीटिंग, त्यात मामांना काढायचं आणि पोलिसांनाही कळवायचं असं ठरलं. मामा माझ्या दारात आले, हातात टोपी. "बाय, मी नाय लावला. एवढी वर्सं पानी घातलं हितं. आता ह्या वयात चौकीत नेतील मना?"

शनिवारी दुपारी चाचा भिंग घेऊन त्या झाडापाशी उकिडवे बसले. मी शेजारी उभी. त्यांनी पान उलटलं. मावा नाही, कोळी नाही, फुलकिडे नाहीत. मग त्यांनी आजूबाजूचं तण पाहिलं. बाजूच्या दोन रानटी रोपांचे शेंडेही तसेच पिळवटलेले. भिंतीच्या आडोशाला होतं ते रोप मात्र ठणठणीत. "मामा," त्यांनी हाक मारली, "इथे तणनाशक कधी मारलं?" मामा म्हणाले, "पंधरा रोज झालं. सेक्रेटरी साहेबांनीच सांगितलं, भिंतीकडचं गवत मारून टाक." चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि इतकंच म्हणाले, "पानं त्या औषधानं वळलीत. ज्यानं लावलं, तो मारेल कशाला?"

मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहाला वर बोलावलं. ते आले, गॅलरीत गेले आणि खाली वाकून पाहिलं. माझी गॅलरी बरोबर त्या झाडाच्या डोक्यावर. कठड्यावर पाखरांसाठी दाण्यांचं ताट. त्यांनी दाण्यांचा डबा मागितला आणि मूठभर दाणे बशीत पसरले. बाजरी, राळं, सूर्यफूल, आणि मधूनमधून बारीक, करडे, ठिपक्यांचे गोल दाणे. ते त्यांनी एका कडेला सारले. "भांगेचं बी. गांजाचं झाड तेच," ते म्हणाले. मी डब्यावर माझ्याच हातानं चिकटवलेली चिठ्ठी बघत राहिले: 'पक्षी – मिश्र धान्य'. आयुष्यभर शाळेत दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवलेली बाई मी. चाचांनी दाणे परत डब्यात भरले, झाकण नीट लावलं. "भाभी, पानांचं मी उद्या सांगतो. बियांचं तुमचं तुम्ही ठरवा. मी काही बघितलेलं नाही."

मीटिंगमध्ये त्यांनी पानांचं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे, पण मग झाड आलं कुठून? कुणीतरी टाकलंच ना बी?" सगळे पुन्हा मामांकडे बघायला लागले. चाचा छताकडे बघत होते; माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी उठले आणि म्हणाले, "मी टाकलं." हसू आधी मागच्या रांगेतून आलं. "मॅडम, तुम्ही?" सेक्रेटरींचा चष्मा नाकावर घसरला. चाचा गंभीरपणे म्हणाले, "भाभींची नाही, पोपटांची चौकशी करा. झिंगून उडतात की काय बघा." मग सगळेच हसले. झाड सर्वांसमक्ष उपटलं, मीटिंगच्या वहीत तसं लिहिलं, आणि मामांची माफी मागायची सूचना मी मांडली.

जिन्यात मी चाचांना थँक्यू म्हटलं. ते म्हणाले, "पान बघणं माझं काम. बाकी तुम्ही केलंत." बी वाऱ्यानं आलं असेल म्हणून त्यांनी मला वाचवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. त्यांनी ते केलं नाही, ठरवणं माझ्यावर सोडलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, आणि हे त्यांना नीटपणे कधी सांगितलं नाही.

उलव्याला ते चौदाव्या मजल्यावर राहतात. परवा फोन आला. "इथे लॉबीतली झाडं एकदम तंदुरुस्त, भाभी. प्लास्टिकची आहेत." मग त्यांनी माझ्या मिरचीची ख्यालीखुशाली विचारली.

समोरच्या फ्लॅटमध्ये आता नवीन कुटुंब आलं आहे. माळीमामा अजून रोज सकाळी येतात, आणि बाग जागेवर आहे.