दीड वाजता मिटणाऱ्या पट्ट्या

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते फक्त चुका काढायला. कुणी लिहावं की विहिरीजवळ पांढरं काहीतरी हललं, आणि मी समासात पेन्सिलीनं लिहावं — वाळत घातलेलं धोतर. आता स्वतःच लिहायला बसले आहे, तर तुम्हीही खुशाल समासात लिहा. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं ते मात्र खरं.

माझी अक्षरओळखच पत्रकांवर झाली. बाबा कळमनुरीत एका सरकारी ऑफिसात कारकून. कर्मचाऱ्यांच्या संपाची उरलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवायची. पुढं छापील बाजू वाचता यायला लागली आणि तिथंच माझं वाटोळं झालं, असं आई म्हणते. कॉलेजात असताना मी स्वतः अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं लिहून जवळा बाजार गावापर्यंत वाटली. ज्याचं कारण ठाऊक नाही त्याला दैवी म्हणणं हा निव्वळ आळस आहे — हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की मला ते झोपेतही पाठ होतं.

२००५ साली बाबा रिटायर झाले. त्याच सुमाराला ऑफिसात नवं फर्निचर आलं. जुन्या सामानाच्या लिलावात लोकांनी कपाटं घेतली, खुर्च्या घेतल्या... बाबांनी आपल्या टेबलामागच्या खिडकीचे व्हर्टिकल ब्लाइंड्स घेतले. वरून खाली लोंबणाऱ्या राखाडी कापडी पट्ट्या, बाजूची साखळी ओढली की उभ्याउभ्या वळून उघडतात नाहीतर मिटतात. आमच्या रस्त्याकडच्या खोलीच्या खिडकीला त्या लागल्या.

तेव्हा कळमनुरीत घराला अशा पट्ट्या मी कुठं पाहिल्या नव्हत्या, फक्त ऑफिसांना. त्यामुळं व्हायचं तेच झालं. बाजाराच्या दिवशी शिरड शहापूरचे एक आजोबा आमच्या दारात चपला काढून, हातात सातबारा घेऊन, भिंतीला टेकून बसले. साहेब कधी येणार, म्हणून त्यांनी आईला विचारलं. हे घर आहे असं ती सांगणार, तोच आतून बाबांचा आवाज आला — बसा, आलोच. बाबांनी शर्ट खोचला आणि आजोबांचा अर्ज लिहून दिला. फुकट. पुढच्या बाजाराला तिघं आले, त्याच्या पुढं सात. रिटायर झाल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडणारा माणूस पुन्हा दाढी करायला लागला.

इथवर सगळं समजण्यासारखं आहे. पुढचं नाही.

पट्ट्या सकाळी दहा वीसला आपोआप उघडायच्या. दुपारी दीडला मिटायच्या आणि अडीचला उघडायच्या. (जेवणाची सुट्टी कागदावर अर्ध्या तासाची असते. पण तुम्ही सरकारी ऑफिसात गेला असालच.) संध्याकाळी सव्वापाचला पुन्हा बंद. रविवारी बंद. दुसरा-चौथा शनिवार बंद.

मी वही केली. खिडकी बंद, पंखा बंद, उदबत्ती लावून धुराची दिशा पाहिली. साखळी सुतळीनं बांधली आणि गाठीवर कागद चिकटवून सही केली. संशय बाबांवर होता, म्हणून त्यांना स्वयंपाकघरात आईच्या नजरेखाली बसवलं. दीडला एक मिनिट कमी असताना पट्ट्या शांतपणे वळल्या. सही जागेवर, गाठ जागेवर. मग मी लिहिलं, उन्हानं कापड आकसत असेल. आणि एका मंगळवारी चांगलं लख्ख ऊन असताना पट्ट्या उघडल्याच नाहीत. अकरा झाले, बारा झाले. मी मनातल्या मनात जिंकले. दुपारी शेजारून कळलं की कुणी मोठे पुढारी वारले, म्हणून सरकारनं सुट्टी जाहीर केलीय.

बाबांना यात नवल काहीच नव्हतं. सवय असते, म्हणाले. पण पट्ट्यांबरोबर तेही बांधले गेले. जेवायला आत येईनात. आईनं स्वयंपाकघरात डबा भरायचा आणि आठ पावलं चालत जाऊन मिटलेल्या पट्ट्यांमागं नेऊन द्यायचा. गॅस संपला म्हटलं तर म्हणायचे, सव्वापाचनंतर बघू.

आईनं बाजारातून हिरव्या फुलांचं कापड आणलं आणि मशीनवर पडदे शिवायला घेतले. मी भडकले. कारण सापडायच्या आत पट्ट्या काढणं म्हणजे माघार, गावभर होईल की हिनं घाबरून काढल्या. आईनं मशीन थांबवलं.

"मला भुताचं काय करायचं? चौतीस वर्स वाट पायली, माणूस घरी येईल म्हणून. तुझं कारण सापडंपर्यंत माझा नवरा हापिसातच राहील का?"

त्याच रविवारी, सुट्टी म्हणून, मीच स्टुलावर चढून पट्ट्या उतरवल्या.

ओढ्यापलीकडच्या मारोतीमामांकडं पंधरा-वीस शेळ्या. गोठ्याच्या दाराला वारा अडवायला त्यांनी पट्ट्या नेल्या.

पडद्यांनी घर घरासारखं दिसायला लागलं आणि नेमकं तेच बिघडलं. बाजारची माणसं सरळ पुढं निघून जायला लागली. बाबा पडद्याकडं बघत बसायचे. आई भूक लागली का विचारायची, तर म्हणायचे, किती वाजले? एकदा मी आईला पडद्याचे टाके उसवताना पाहिलं.

तेवढ्यात मारोतीमामा आले. दारात उभे, टोपी हातात.

"साहेब, एक अर्ज लिहा. शेळ्या बिघडल्या. साडेधा वाजल्याबिगर बाहीर निघून न्हाई राहिल्या. सव्वापाचला आपल्या आपण घरी. ऐतवारी तर निघतच न्हाईत, अन् काल बी निघाल्या न्हाईत."

काल दुसरा शनिवार होता.

बाबांनी चपला घातल्या. मीही वही घेऊन मागं गेले. रविवारच होता. बाहेर बाभळीखाली ओला पाला पडलेला, आणि आत मिटलेल्या पट्ट्यांमागं वीस शेळ्या ओळीनं बसून डोळे अर्धे मिटून रवंथ करत होत्या. मामांनी एकीला कान धरून ओढलं. तिनं बघितलं अन् मान दुसरीकडं वळवली... ऑफिसात एक नंबरच्या खिडकीवरून तीन नंबरला पाठवतात ना, अगदी तसं.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग हसायला लागले, ते ओढा ओलांडेपर्यंत हसत होते. घरी येऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि आईला विचारलं, "मी असाच दिसत होतो का गं?"

आईनं ताट वाढायला घेतलं.

मी मामांना म्हटलं, पट्ट्या काढून टाका. ते म्हणाले, "राहू द्या बाई, सुट्टी भेटून राहिली तवापासून दूध वाढलं." अजून तिथंच आहेत. वाऱ्याचं, उन्हाचं, शेळ्यांच्या स्वभावाचं सगळं लिहून पाहिलं, आणि शेळ्यांना शनिवार कसा कळतो इथं येऊन प्रत्येक वेळी वही बंद केली. मला कारण सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा, मी चूक कबूल करीन.

गेल्या बाजारी पावणेदोनला एक म्हातारी पडद्याबाहेर चाचरत उभी होती. इथं कुणी अर्ज लिहितं का, म्हणाली. बाबांचा हात भाजीत होता. त्यांनी डाव्या हातानं पडदा सारला आणि म्हणाले, "या माय, आत या. पयले दोन घास खाऊन घ्या, मग लिहू."