मेंढरं बसणार न्हाईत

तलवाड्याच्या रतनबाई धनगरवाड्यात बोलल्या की वेशीवरचा माणूस 'ओ' देतो. एवढा आवाज, पण साऱ्या जन्मात तो मेंढरांवरच खर्च झाला.

मग सरपंच आप्पारावांनी गायरानातल्या तळ्याभोवती तार ओढली. आत त्यांचे मासे, बाहेर सगळ्या धनगरांची तहानलेली मेंढरं. ग्रामसभेत विरोधाला एकच हात वर झाला, रतनबाईंचा. "बाकीचे हात काय खाजवायला गेलते का?" त्यांनी तिथंच विचारलं.

बीडला कॉलेजात शिकणाऱ्या नातीनं, सायलीनं, आजीला अमेरिकेतली गोष्ट सांगितली. तिथं एका गावात काळ्या माणसांना बसमध्ये गोऱ्यांसाठी उठावं लागायचं. त्यांनी बसच सोडली. वर्षाहून जास्त चालले, एक दगड मारला नाही. शेवटी कायदा झुकला.

"चालायचंच हाय ना?" रतनबाई म्हणाल्या. "त्ये तर आमाला येतंय."

आमच्याकडं पेरणीआधी रानात मेंढरं बसवतात. कळप रात्रभर बसला की लेंडीखतानं जमीन सुधारते. रतनबाईंनी सांगून टाकलं, तार हाय तंवर सरपंचाच्या रानात मेंढरं बसणार न्हाईत. बाकीचे धनगरही त्यांच्यामागं आले. सगळे कळप लांबच्या ओढ्यावर पाण्याला निघाले. रोज, सरपंचांच्या दारावरून.

आप्पारावांनी जमादाराला बोलावलं.

"गुन्हा काय?"

"बसत न्हाईत."

"कोण?"

"मेंढरं!"

जमादार चहा पिऊन गेले.

मग आप्पारावांनी हट्टानं बाजारातून स्वतःची मेंढरं आणून रानात बसवली. सकाळी रतनबाईंनी आपल्या कळपाला हाळी दिली, आणि सरपंचांची मेंढरंही बांध ओलांडून मोर्चात घुसली! रतनबाईंनी ती परत हाकलली. ती पुन्हा आली.

"आप्पा, तुमच्या घरचीबी इरोधात हायेत की!"

अख्खं गाव हसलं. ते हसणं काही आप्पारावांना सोसलं नाही. संध्याकाळी ते रतनबाईंच्या दारात.

"मावशी, तार काढतो. आज मेंढरं बसवा."

"आदी सभेत ठराव करा. आज तुमी काढताल, उद्या दुसरा सरपंच ओढंल."

"माझ्या शब्दाला किंमत न्हाई का?"

"शब्द तुमचा हाय, तळं गावाचं."

"अन् ठराव व्हईस्तोवर?"

"तंवर ओढा हाय की." रतनबाईंनी काठी उचलली. "अन् आप्पा, तुमची मेंढरं सकाळी जरा लवकर सोडा. वाटंत ऊन लई लागतंय."