दादाचा गुडघा

जगात जी गोष्ट मोजता येत नाही ती अजून कुणी नीट बनवलेलीच नाही, असं माझ्या आत्तेभावाचं, म्हणजे दादाचं, ठाम मत आहे. आणि तो हे मत नुसतं बाळगत नाही, जगतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या एका कंपनीत चिप बनवायच्या यंत्राचं तापमान दिवसभर तसूभरही हलू न देणं हे त्याचं काम. संध्याकाळी घरी आला की तेच काम तो चहावर, पोळीच्या तव्यावर आणि सायकलच्या टायरमधल्या हवेवर करतो. "चवीपुरतं मीठ" हे शब्द वाचले की त्याच्या कपाळाला आठी पडते. एकदा त्याने साताऱ्याला आत्याला फोन करून "चिमूटभर म्हणजे किती ग्रॅम?" असं विचारलं, तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "तुझ्या तोंडाला कुलूप लागेल एवढं." एका गणपतीत त्याने उकडीचे मोदक केले आणि भिंग घेऊन प्रत्येकाच्या कळ्या मोजल्या. कमी कळ्यांचे मोदक "रिजेक्ट" म्हणून त्याने एकट्याने खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पोटदुखीचा आलेख घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी आलेखाचं कौतुक केलं आणि पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं.

अशा माणसाने लग्न करावं तर कुणाशी? पोर्तुगालच्या डोंगराळ भागातल्या मुलीशी, जिच्या घरात वजनकाटाच नव्हता. आमची वहिनी मराठी शिकली ती आत्याकडून, फोनवर, त्यामुळे ती चिडली की थेट साताऱ्याची वाटते. तिची आई दर डिसेंबरला नाताळासाठी इकडे येते. तिची नात तिला 'आवो' म्हणते, म्हणजे आजी, म्हणून आम्हीही आवोच म्हणतो. आवो आली की घरात फिल्योश होतात, आणि त्या खायला मी टिलबर्गहून न बोलावता हजर असते.

फिल्योश म्हणजे नाताळचं तळण. मैदा, अंडी, संत्र्याचा रस आणि घोटभर कडक दारू घालून मऊ पीठ मळायचं, तळहाताच्या कडेने त्यावर क्रूस काढायचा आणि आजारी बाळासारखं घोंगडीत गुंडाळून फुगायला ठेवायचं. इथवर ठीक. पण मग आवो खुर्चीवर बसते, गुडघ्यावर पांढरं फडकं बांधते आणि पिठाचा गोळा त्या गुडघ्यावर ताणत जाते. खानदेशात बायका हातावर मांडा वाढवतात तसाच, फक्त इथे हाताच्या जागी गुडघा. पलीकडचं दिसेल इतका पातळ झाला की तेलात. फोड येऊन फुगला की वर साखर आणि दालचिनी.

दादाने पहिल्याच वर्षी वही काढून विचारलं, "मैदा किती?" वहिनीने आवोचं उत्तर आणलं, "पीठ मागेल तेवढा." त्यानंतर त्याला स्वयंपाकघरात मज्जाव झाला. बाहेरच्या टेबलावर मात्र पहिली फिल्योश त्यालाच मिळायची, चिनी मातीच्या बशीत, काट्या-सुरीसकट. बाकीचे आम्ही टोपलीत हात घालून, बोटं चाटत खायचो. मला वाटायचं, काय हा जावयाचा थाट! एकदा दादा बस स्टॉपवर सोडायला आला तेव्हा मी तसं बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "अगं, थाट कसला? बशी पाहुण्याला देतात. सोळा वर्षं झाली, मी अजून त्या घरात पाहुणाच आहे." दादाने मोजलेली ही एकच गोष्ट अशी होती की ऐकून मला हसू आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आवोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवा सांधा बसला, चालायला लागली, पण गुडघा वाकवून फार वेळ बसणं संपलं. डिसेंबरात आली आणि पहिल्याच दिवशी तिने जाहीर केलं, "या वर्षी फिल्योश नाहीत. दुकानातून काहीतरी आणा." मग ती खिडकीशी जाऊन बसली आणि समोरच्या कालव्यातली बदकं बघत राहिली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. दादाने मात्र ही संधी मानली. "ताणायला गुडघाच लागतो ना?" तो मला फोनवर म्हणाला. "गुडघा मी बनवतो."

त्यासाठी सासूचा गुडघा मोजणं आलं. "मी नाही विचारणार. मला काय येड लागलंय?" वहिनी म्हणाली. तेव्हा दादाने स्वतः पोर्तुगीज वाक्य पाठ केलं, "मला तुमचा गुडघा हवा आहे." आवोने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याला हॉस्पिटलने पाठवलं असावं अशा समजुतीने झगा वर केला. फोनने सगळ्या बाजूंनी गुडघ्याची छबी घेतली गेली आणि आठवड्याभरात थ्री-डी प्रिंटरवर छापलेला प्लास्टिकचा हुबेहूब गुडघा तयार झाला.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा तो ओट्याला शिकंज्याने आवळलेला होता आणि दादा डोक्याला जाळी लावून उभा होता. पीठ आवोनेच मळलं होतं. घोंगडीत दादाने खुपसलेला थर्मामीटर तिने दोनदा काढून खिडकीत ठेवला होता. तिने पहिला गोळा प्लास्टिकवर ताणला. तो आक्रसून पुन्हा गोळा झाला. दुसरा फाटला. तिसरा ना धड ताणला गेला ना सुटला. आवोने प्लास्टिकच्या गुडघ्यावर पंजा ठेवला आणि एकच शब्द बोलली.

"गार आहे," वहिनीने सांगितलं.

ज्या माणसाचा पगारच तापमानाचा, तो गुडघा गरम असतो हे विसरला होता! मी पोट धरून हसले. वहिनीही हसली. दादा हसला नाही. "आत हीटर बसवतो," तो म्हणाला. "एक दिवस द्या."

"नाताळला थांबायला सांगू का?" आवोने विचारलं आणि हात पुसायला घेतले.

तेव्हा दादाने डोक्यावरची जाळी काढली, उंच स्टुलावर बसून पॅंट मांडीपर्यंत गुंडाळली. सवयीने त्याने थर्मामीटर गुडघ्याला टेकवला. "बत्तीस अंश. चालेल का, विचार."

वहिनीने विचारलं नाही. आवो तोवर पुढे आली होती. तिने आपलं फडकं त्याच्या केसाळ गुडघ्यावर करकचून बांधलं, पोटरीवर चापट मारून गुडघा हवा तसा वर आणला आणि उभ्यानेच त्यावर गोळा ताणायला सुरुवात केली. पिठाने ऐकलं. दादा अंधार पडेपर्यंत हलला नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हूं की चूं केलं नाही. पहिली फिल्योश तळून झाली तेव्हा मी सवयीने बशी काढली. आवोने ती माझ्या हातातून घेऊन परत कपाटात ठेवली, फिल्योशीचा मोठा तुकडा तोडला आणि दादाच्या तोंडात कोंबला. दादाचे डोळे भरून आले. "दालचिनी जरा जास्त झालीय," तो म्हणाला.

आता आवोला विमानप्रवासाची मनाई आहे. डिसेंबरातल्या त्या दुपारी दादा पॅंट गुंडाळून स्टुलावर बसतो, वहिनी पीठ ताणते आणि मी आवोला दिसेल असा फोन धरते. प्लास्टिकच्या गुडघ्यावर आता लोकरीच्या टोप्या वाळतात. गेल्या वेळी पलीकडून आवो दिसली तेव्हा तिचा चेहरा लहान झाल्यासारखा वाटला. दादाने वाकून, पाठ केलेल्या पोर्तुगीजमध्ये तिची विचारपूस सुरू केली. तिने हात हलवून त्याला गप्प केलं आणि काहीतरी म्हणाली. वहिनी भाषांतर करता करता मध्येच थांबली.

"काय म्हणाल्या?" दादाने विचारलं.

"म्हणते, तोंड नको दाखवूस. माझा गुडघा दाखव."

 दादाने फडक्याची गाठ एकदा चाचपून पाहिली आणि गुडघा फोनपुढे केला.