पातेल्याखालची आई

इराकी सैन्य हाकललं गेल्याला काही वर्षं झाली होती. मी कुवेतमध्ये नर्स होते. नवरा मीना अब्दुल्ला नावाच्या गावी नोकरीला, आमचं घर खैतानला. ड्युटी सुटली की मी मिरकाब भागात एका म्हाताऱ्या बेल्जियन बाईंकडे जायचे. खुब्याचं हाड मोडल्यामुळे त्या अंथरुणावर होत्या.

त्यांच्या पलंगासमोर एक लहानशी लाकडी फळी टांगलेली होती. तिच्यावर पांढरं वस्त्र डोक्यावरून घेतलेली, हात जोडलेली एक बाई रंगवली होती. रडून डोळे लाल, गालावर थेंब. मला वाटलं, फळीला पाणी लागलंय. मी रुमाल काढला तशा बाई ओरडल्या, "पुसू नकोस, सिस्टर! अश्रू आहेत ते. मेरी आहे ती. मुलाला क्रुसावर मारलंय तिच्या."

फळी त्यांच्या आजीच्या आजीकडून आलेली. इराकी शिपाई घरात शिरले तेव्हा बाईंनी ती कापडावर पालथी घालून ओट्यावर ठेवली आणि वर उकळतं पातेलं ठेवलं. "टीव्ही नेला, गालिचे नेले. पातेल्याखाली काय आहे ते कुणी बघितलंच नाही," असं सांगताना त्या लहान मुलीसारख्या हसायच्या. पाठीमागे पातेल्याच्या बुडाचा काळा गोल उमटला होता, एका बाजूला तुटलेला. धूळ पुसताना तो रोज माझ्या हाताखालून जायचा.

पुढे त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. निघताना त्या माझ्यासमोर त्याला म्हणाल्या, "ही आपल्या गावच्या चर्चला द्यायची." तो म्हणाला, "मी स्वतः नेऊन देतो, ममा."

बऱ्याच वर्षांनी हॉस्पिटलमध्ये चहा पिताना समोरच्या टीव्हीवर लिलावाची बातमी लागली. नेदरलँड्समधलं पाचशे वर्षांपूर्वीचं भक्तिचित्र, पहिल्यांदाच विक्रीला. पडद्यावर लाल डोळे दिसले आणि मी कप खाली ठेवला. मनाला म्हटलं, अशी चित्रं पुष्कळ असतील. तेवढ्यात हातमोजे घातलेल्या माणसाने फळी उलटी केली. मागे तो काळा गोल, एका बाजूला तुटलेला.

"क्या हुआ, सिस्टर?" शेजारची नर्स विचारत होती.

बाई आता बेल्जियममध्ये वृद्धाश्रमात होत्या. नाताळला आमचं फोनवर बोलणं व्हायचं. घरी येऊन मी फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमची मेरी कुठे आहे हल्ली?"

"चर्चमध्ये! मुलाने फोटो आणून दाखवला ना. समोर मेणबत्त्या लावतात लोक."

गप्प बसावं असं क्षणभर वाटलं, पण मग सगळं सांगून टाकलं.

"मागचा गोल पाहिलास तू?"

"पाहिला."

"ठेव फोन. मला दुसरीकडे करायचाय."

नवरा चिडला. "लोकांच्या घरातल्या भानगडीत कशाला पडायचं?" आमची मुलगी मधेच म्हणाली, "बट ही लाइड टू हिज ओन मदर!" मला जेवण गेलं नाही. पातेल्याखाली चित्र लपवणाऱ्या बाईला तिच्याच मुलाने फसवावं, हे काही केल्या पचेना.

काही दिवसांनी बाईंचाच फोन आला. त्यांनी चित्र लिलावातून काढून घ्यायला लावलं होतं. चर्चमध्ये मुलाने छापील नक्कल लावली होती, फादरनाही पत्ता नव्हता. बाईंनी चाकाच्या खुर्चीतून जाऊन खरी मेरी तिथे लावून घेतली.

"आणि नक्कल?"

"माझ्या खोलीत आहे. इतकी वर्षं लोकांनी तिच्यापुढे हात जोडले. फेकून कशी देऊ?"

मुलाबद्दल विचारायची छाती होत नव्हती, तरी विचारलं. "फार रागावलाय का तो?"

"मी रागावलेय," त्या ताडकन म्हणाल्या. मग आवाज उतरला. "अजून आलेला नाही. रविवारी यायचा नेहमी. मी खिडकीपाशीच बसते."