घोट

समोरचा माणूस चहा प्यायला लागला की शरददादा त्याच्या गळ्याकडे बघायचा. डोळ्यांकडे नाही, कपाकडे नाही, थेट गळ्याकडे. घोट खाली उतरला की एक सुस्कारा सोडायचा आणि समोर मी असलो तर म्हणायचा, "जळतो मी तुझ्यावर, मंद्या. अगदी मनापासून जळतो."

घशाच्या कॅन्सरमधून तो वाचला होता, पण रेडिएशनने त्याचं गिळणं गेलं. जेवण पोटात बसवलेल्या नळीतून. मी इथे परदेशात, हिल्सबरोच्या एका फार्मसीत काम करतो, तिथेच तो पाणी घट्ट करायची पावडर न्यायला यायचा. पातळ पाणी त्याच्या फुप्फुसात जायचं, म्हणून दिवसाकाठी काही चमचे पाणी, तेही घट्ट केलेलं, एवढीच परवानगी होती. मेधावहिनींनी एकदा ती पावडर चहात घालून दिली. दादाने चमचा जिभेवर ठेवला, विचार केला आणि म्हणाला, "मेधा, ही खळ तुझ्या सुती साड्यांना लाव. छान कडक होतील."

पेनरोजच्या एका गोदामात तो मॅनेजर होता. शिकायला आलेला पोरगा इथेच रुजला, चांगलं कमावलं. दुसऱ्याच्या घराचा, गाडीचा त्याला कधी हेवा वाटला नाही. मी हौसेने नवं घर दाखवलं, खिडकीतून दिसणारं बंदर दाखवलं, तर "छान आहे, थंडीसाठी हीट पंप बसवून घे" एवढंच म्हणाला. तेवढ्यात माझी मुलगी इरा नेटबॉल खेळून आली आणि किचनच्या नळाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली. दादा बंदर सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

"काय पितेय बघ पोरगी," तो म्हणाला. "हिला कुणीतरी सांगा रे."

इरा तोंड पुसत म्हणाली, "काका, इट्स जस्ट वॉटर."

"जस्ट म्हणे," दादा म्हणाला.

त्याचा जळफळाट उघडा होता, म्हणून त्याचा राग यायचा नाही. मी फोनवर बोलता बोलता चहा ढोसत असलो की कप काढून घ्यायचा. "एक काहीतरी कर. बोलायचं असेल तर चहा माझ्याकडे दे, मी नुसता धरून बसतो." मराठी मंडळाच्या दिवाळीला तर त्याने कहर केला. हॉलमध्ये सगळे चकल्या खात गप्पा मारत होते. हा उठून म्हणाला, "मंडळी, जरा गप्प बसून खा. मला ऐकू द्या." आणि भरल्या हॉलमधली माणसं खरोखरच गप्प बसून चकल्या चावत राहिली. हा डोळे मिटून ऐकत होता. मागून कुणीतरी हसलं, पण चकली खाली कुणी ठेवली नाही.

आता माझंही सांगतो. शनिवारी दादा आमच्याकडे यायचा, नुसता चहाचा वास घ्यायला. त्या दिवशी माझी बायको अनघा आलं किसायची, गवती चहा घालायची, दुधाला उकळी येईपर्यंत ओट्यापाशी उभी राहायची. एरवी माझ्या नशिबी टी-बॅग. न पिणाऱ्यासाठी एवढा थाट आणि पिणाऱ्याला डिप-डिप. मला ते लागायचं आणि मी बोलूनही दाखवायचो. ती म्हणायची, "तू पितोस. तो लक्ष देतो."

गेल्या हिवाळ्यात दादाला पुन्हा न्यूमोनिया झाला आणि औषधं लागू पडेनात. डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं की आता त्याला हवं ते देऊ शकता. ठसका लागेल, त्रास होईल, पण नाही म्हणण्यात अर्थ उरलेला नाही. दादाने चहा मागितला. पातळ, खरा.

अनघाने थर्मास भरून दिला. हॉस्पिटलमध्ये वहिनींनी तो हातात घेतला आणि परत माझ्याकडे दिला. "भावजी, तुम्ही द्या. माझ्या हाताने दिला आणि तो गुदमरला तर मला जगता येणार नाही." त्या बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

सोबत म्हणून मी स्वतःलाही थोडा ओतून घेतला. दादाने मान हलवली. "तू नको पिऊस," तो कसाबसा म्हणाला. "आज तू जळ."

मी कप त्याच्या ओठांना लावला. त्याने घोट तोंडात धरून ठेवला. गळा हलला. मग ठसका लागला, लांबलचक. मी घाबरून बेलकडे हात नेला, तर त्याने माझं मनगट धरलं आणि कपाकडे बोट केलं. दुसरा घोट घेतला. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी खरंच जळलो. जन्मभर चहा पितोय, पण माझ्या वाट्याला असा एकही घोट आलेला नाही.

दोन दिवसांनी दादा गेला. तेराव्याला आम्ही वहिनींकडे जेवायला होतो. निघताना मी दाराशी बूट घालत होतो, तेव्हा त्या जवळ आल्या.

"चहा घेताना कसा दिसत होता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. जमेल तेवढं सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, राग मानू नका. पण तुम्ही तो घोट बघितलात आणि मी नाही, हे मला सहन होत नाही."